पडद्यावरून कपाटात, कपाटातून हवेत

१९५२ सालच्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि पुढे तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता या शहरांतून फिरला, तेव्हा व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' आणि रोबेर्तो रोसेलिनीचा 'रोम, ओपन सिटी' हे चित्रपट पाहून आपल्याकडचे कित्येक जाणते कलावंत अंतर्मुख झाले, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्या इटालियन वास्तववादाची छाया जाणकारांना स्पष्ट दिसली. ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला एक खेदाची बाजूही आहे. महोत्सवाची ती थोड्या दिवसांची पर्वणी ज्याला साधली नाही, त्या सोलापूरच्या किंवा अकोल्याच्या रसिकाला हे चित्रपट पाहण्याचा दुसरा मार्ग बहुधा नव्हताच. चित्रपट लागला, चालला आणि उतरला, की सामान्य प्रेक्षकाच्या लेखी तो जवळजवळ नाहीसा होई. त्यातून तो परभाषेतला आणि गल्ला न भरणारा असला, तर तो आपल्या गावी लागण्याची वार्ताच नको.

ही उणीव भरून काढण्याचे कार्य काही काळ चित्रपट-मंडळांनी निष्ठेने केले. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी मंडळींनी १९४७ साली कलकत्त्यात स्थापिलेली फिल्म सोसायटी, मुंबईत १९६८ साली सुरू झालेले प्रभात चित्र मंडळ, आणि अशाच लहानमोठ्या संस्था परदेशी वकिलातींकडून व पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून रिळे मागवीत, एखादे सभागृह मिळवीत, आणि सभासदांना जगाचा सिनेमा दाखवीत. १९६४ साली स्थापन झालेले हे संग्रहालय आणि त्याचे आधारस्तंभ पी. के. नायर यांचे ऋण या बाबतीत फार मोठे आहे. तथापि मंडळाची व्यवस्था झाली तरी ती मोठ्या शहरांपुरती, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. तिथे जो चित्रपट लागेल तो पाहायचा, आणि आवडला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची सोय नाही.

या परिस्थितीला पहिला धक्का दिला तो चुंबकीय फितीने. सोनी कंपनीची बीटामॅक्स यंत्रणा १९७५ साली आणि जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस १९७६ साली जपानात अवतरली, आणि दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम टिपून ठेवून सवडीने पाहणे घरच्या घरी शक्य झाले. अमेरिकेतील चित्रपट-व्यावसायिकांना हा आपल्या मिळकतीवरचा दरोडाच वाटला व त्यांनी फिर्याद गुदरली. ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकालात निघाली, आणि नंतर पाहण्यासाठी घरी केलेले ध्वनिचित्रमुद्रण हा गुन्हा नव्हे असे ठरले. चित्रपट केव्हा पाहावा हे ठरविण्याचा प्रेक्षकाचा अधिकार त्या निकालाने प्रथमच मान्य केला. गंमत अशी की, ज्यांनी ही फिर्याद केली त्यांनाच पुढे घरगुती कॅसेटच्या विक्रीतून विपुल द्रव्य मिळाले.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्या मागोमाग व्हीसीआर व गल्लोगल्लीच्या कॅसेट लायब्रऱ्या आल्या. रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणून चाळीतल्या सगळ्यांनी मिळून तीन-तीन चित्रपट पाहण्याचा तो काळ अनेकांना आठवत असेल. पण त्या लायब्रऱ्यांच्या फळीवर नव्या हिंदी चित्रपटांची गर्दी. तिथे स्वीडनचा बर्गमन किंवा जपानचा ओझू कोण मागणार आणि कोण ठेवणार? उलट दूरदर्शनने रविवारच्या दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवून मराठी घरांत मल्याळी, बंगाली आणि कन्नड सिनेमा नेला, हे त्या सरकारी खात्याचे श्रेय आज आपण विसरलो आहोत.

कॅसेटमध्ये एक मोठा दोषही होता, आणि तो बहुतेकांच्या ध्यानातच येत नसे. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा, तर सिनेमास्कोप चित्रपटाची रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक. तो चित्रपट संचाचा पडदा भरून दाखवायचा, तर दोन्ही बाजू छाटणे भाग पडे, आणि या छाटणीत मूळ चित्राचा सुमारे दोन पंचमांश भाग गळून जाई. दिग्दर्शकाने दोन पात्रे चौकटीच्या दोन टोकांना उभी करून त्यांच्यातला दुरावा दाखवावा, आणि कॅसेटवाल्याने एका पात्राला चौकटीबाहेर हाकलून द्यावे, असा तो प्रकार. घरबसल्या चित्रपट मिळाला खरा, पण तो अंगभंग होऊन मिळाला.

या अंगभंगाविरुद्ध उभी राहिलेली एक संस्था म्हणजे अमेरिकेतील क्रायटेरियन कलेक्शन. १९८४ साली तिने लेसरडिस्क नावाच्या, ग्रामोफोनच्या तबकडीएवढ्या मोठ्या चकत्यांवर 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन जुने चित्रपट काढले. या 'किंग काँग'च्या चकतीवर एक अपूर्व सोय होती. चित्रपट चालू असताना दुसऱ्या ध्वनिमार्गावर रोनाल्ड हेव्हर नावाचा चित्रपट-इतिहासाचा अभ्यासक प्रत्येक दृश्य कसे घडले, ते अचाट माकड कसे हलविले, कोणता देखावा काचेवर रंगविला होता, हे सांगत जाई. मूळ ग्रंथ मध्ये ठेवून त्याच्याभोवती पदोपदी टीका लिहिण्याची जी परंपरा आपल्या पंडितांनी जोपासली, तीच इथे चित्रपटाच्या वाट्याला आली. पुढे याच संस्थेने रुंद चित्रपट वर-खाली काळे पट्टे सोडून संपूर्ण दाखविण्याचा आग्रह धरला. 'पैसे दिले आणि अर्धा पडदा काळा' अशी तक्रार करणारे ग्राहक तेव्हा होते. परंतु आज घरोघरी जे रुंद संच दिसतात आणि त्यांवरही काळे पट्टे आले तर कोणी हरकत घेत नाही, तिथे या आग्रहाचा विजय झालेला आहे.

१९९६-९७ च्या सुमारास डीव्हीडी आली आणि लेसरडिस्कची ही श्रीमंती मध्यमवर्गाच्या आवाक्यात उतरली. हातभर लांबच्या कपाटात शेदोनशे चित्रपट मावू लागले. व्यापाऱ्यांनी मात्र जगाचे सहा विभाग पाडून प्रत्येक चकतीवर विभागाचा आकडा ठोकला. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्यात. न्यू जर्सीतल्या मुलाने आईवडिलांसाठी हौसेने पाठविलेली चकती पुण्याच्या यंत्राने नाकारावी, आणि मग सर्व विभागांची चकती चालविणाऱ्या यंत्राची शोधाशोध सुरू व्हावी, हे त्या काळी पुष्कळ घरांत घडले. पुढे मोझर बेअर या भारतीय कंपनीने तीस-पस्तीस रुपयांच्या घरात चकत्या विकून बाजाराची उलथापालथ केली, आणि जुने देशी चित्रपट भाजीबाजाराच्या पिशवीतून घरी येऊ लागले.

चकतीमुळे दुसरे एक महत्त्वाचे कार्य घडले, ते म्हणजे हरवलेल्या चित्रपटांचा शोध व जीर्णोद्धार. कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा १९२८ चा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' हा मूकपट घ्या. त्याची मूळ निगेटिव्ह बर्लिनच्या आगीत जळाली. ड्रायरने न वापरलेल्या तुकड्यांतून दुसरी आवृत्ती जुळविली, तर तीही आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. आणि पुढची कित्येक वर्षे जग त्याच्या मोडक्यातोडक्या प्रती पाहत राहिले. १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात काही डबे सापडले आणि त्यांत ड्रायरच्या पहिल्या आवृत्तीची प्रत निघाली! त्याच प्रतीवरून काढलेली चकती आज कोणीही पाहू शकतो. रंगभूषेचा लेश नसलेला, जोन झालेल्या फाल्कोनेत्तीचा चेहरा पडदाभर येतो, तेव्हा ओठांवरच्या भेगा, पापण्यांचे केस आणि गालावरून घरंगळणारा अश्रू इतक्या जवळून दिसतात, की न्यायाधीशांचे प्रश्न जणू आपल्यालाच विचारले जात आहेत असे वाटते. धूसर प्रतीत हा अनुभव मिळणे शक्यच नव्हते, कारण त्या चित्रपटाचे सारे सामर्थ्य त्वचेच्या त्या पोतात आहे.

याहूनही आपल्या काळजाजवळची हकीकत सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या चित्रपटत्रयीची. राय यांना १९९२ साली सन्मानार्थ ऑस्कर मिळाल्यानंतर त्यांच्या चित्रपटांच्या जतनासाठी मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पाठविण्यात आल्या, आणि १९९३ साली त्या प्रयोगशाळेलाच आग लागली. जळून, वितळून, वेडीवाकडी झालेली ती रिळे कोणत्याही यंत्रात घालण्याजोगी उरली नव्हती. परंतु ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीने ती फेकून न देता सांभाळून ठेवली. सुमारे वीस वर्षांनंतर क्रायटेरियनने अकादमीच्या सहकार्याने हे काम हाती घेतले व इटलीतल्या बोलोन्या शहरातील 'लिमाजिने रित्रोवाता' या प्रयोगशाळेकडे ती रिळे सोपविली. ठिसूळ झालेली फीत प्रथम ओलाव्याने मऊ करायची, तिच्यावर वितळून बसलेला डिंक, मेण आणि चिकटपट्टी हातांनी सोडवायची, कडेची तुटलेली भोके एकेक करून पुन्हा बांधायची, आणि मग एकेक चौकट संगणकात उतरवून घ्यायची, असे हे जवळजवळ हजार तासांचे हस्तकौशल्य होते. 'पथेर पांचाली'चा चाळीस टक्क्यांहून अधिक आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने मूळ निगेटिव्हमधूनच परत मिळाला. उरलेला इतर जतन केलेल्या प्रतींवरून भरून काढला. २०१५ साली ही त्रयी नव्या तेजाने प्रकाशित झाली. आज आपल्या खोलीत बसून अपू आणि दुर्गा काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावतात ते दृश्य लावावे, म्हणजे ते पांढरे तुरे, मागचे आकाश आणि धुराची काळी रेघ ही तिन्ही वेगवेगळी उमटतात.

आपल्या संचिताविषयी मात्र एवढे समाधान मानता येत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात आणि त्यांतले जेमतेम तीसएक, तेही बहुतेक अपुरे, शिल्लक आहेत. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही आपल्याला तुकडाच पाहायला मिळतो. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागून जुन्या चित्रपटांची असंख्य रिळे भस्मसात झाली. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', जो १९३६ साली निघाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, तो आज कायद्याने सर्वांचा आहे. पण हक्क सुटला म्हणून चांगली प्रत मिळते असे नाही. कसल्याशा जुन्या कॅसेटवरून उतरविलेली, चेहरे पुसट झालेली प्रत आंतरजालावर फुकट मिळते, आणि ती पाहून नव्या पिढीने 'जुना सिनेमा असाच असायचा' असा निष्कर्ष काढला, तर दोष तिचा नव्हे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून या क्षेत्रात उतरली आहे, आणि गुजरातच्या दूध उत्पादकांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'ची तिने जीर्णोद्धार केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखविली गेली, ही आशेची जागा होय.

आता तिसरा अंक, आंतरजालाचा. नेटफ्लिक्सने १९९८ साली धंदा सुरू केला तो टपालाने चकत्या भाड्याने देण्याचा. लाल लिफाफ्यातून चकती यायची आणि पाहून झाली की परत जायची. त्या यादीत एकेकाळी लाखाच्या घरात चित्रपट होते. २००७ पासून कंपनी आंतरजालावरून थेट चित्रपट दाखवू लागली, २०१६ च्या जानेवारीत ती भारतात आली, आणि २०२३ च्या सप्टेंबरअखेर तिने टपालाचा व्यवहार कायमचा बंद केला. नव्या माध्यमाने सोय वाढविली. निवड मात्र घटविली. कारण अमेरिकेत चकती एकदा विकत घेतली की ती दुकानदाराच्या मालकीची होते व तो ती कितीही वेळा भाड्याने देऊ शकतो. आंतरजालावर चित्रपट दाखवायचा तर प्रत्येक हक्कधारकाशी वेगळा करारनामा, देशागणिक वेगळी परवानगी, ठरावीक वर्षांची मुदत आणि दर मुदतीला नवी रक्कम. सबब ज्या जुन्या चित्रपटाला प्रेक्षक थोडे, त्याच्यासाठी हा खटाटोप परवडत नाही.

फिल्मस्ट्रक या सेवेचे प्राक्तन या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेवर क्रायटेरियनचा संग्रह आणि जुन्या हॉलिवूडचे वैभव एकत्र नांदत होते. दोन वर्षांच्या आत मालक कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली, नव्या धन्याला मूठभर रसिकांसाठी चालणारे हे दालन नकोसे झाले, आणि मोठमोठ्या दिग्दर्शकांनी केलेल्या विनवण्यांना न जुमानता २९ नोव्हेंबर २०१८ रोजी ते बंद झाले. ज्यांनी चकत्या टाकून देऊन वर्गणीवर भिस्त ठेवली होती, त्यांच्या हाती एका रात्रीत काही उरले नाही. पुढच्या एप्रिलात क्रायटेरियनने स्वतःची वाहिनी काढली, परंतु ती अमेरिका व कॅनडा एवढ्यापुरतीच आहे.

यावर वेगळा तोडगा काढला तो मुबीने. एफे चाकारेल या तुर्की गृहस्थाला टोकियोतल्या एका कॉफीघरात वाँग कार-वाय याचा 'इन द मूड फॉर लव्ह' पाहावासा वाटला व तो आंतरजालावर कुठेच मिळेना, त्यातून २००७ साली ही सेवा जन्मली असे सांगतात. तिने बराच काळ एक शिस्त पाळली: रोज एक चित्रपट यायचा, तीस दिवस राहायचा आणि जायचा. अगणित चित्रांच्या ढिगापुढे भांबावून तासभर नुसती नावे चाळत बसण्यापेक्षा, कोणा जाणकाराने विचारपूर्वक मांडलेले तीसच चित्रपट बरे, हे तत्त्व त्यामागे होते. भारतात २०१९ पासून ही सेवा मिळते. इतर बड्या सेवांवर आपल्याला पुढचा चित्रपट सुचविते ते गणित, आणि ते गणित आपण काल जे पाहिले त्याच्यासारखेच उद्या पुढे करते. अभिरुचीची वाढ तर नेमकी अनोळखी गोष्टीने होते.

तरीही आंतरजालाचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल, विशेषतः स्वतंत्र मराठी चित्रपटाच्या संदर्भात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली आणि 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसमध्ये सन्मानित झाला. दुसरा २०२१ च्या एप्रिलात नेटफ्लिक्सवर आला आणि एका अयशस्वी होत जाणाऱ्या ख्यालगायकाची कथा एकाच दिवशी नागपुरात, सिंगापुरात आणि टोरांटोत पोहोचली. या चित्रपटात नायक रात्रीच्या निर्मनुष्य मुंबईतून दुचाकीवर जात असतो, गती मंदावलेली असते, आणि कानात माई नावाच्या गानगुरूंच्या व्याख्यानाचा शांत, कठोर स्वर उतरत असतो. तो स्वर दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. हा प्रसंग बसगाडीत मोबाइलच्या वीतभर काचेवर पाहणे आणि दिवे मालवून, चांगल्या ध्वनीसह, सलग पाहणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. 'कोर्ट'मध्येही कॅमेरा दूर, निश्चल उभा असतो आणि न्यायालयाच्या मागच्या बाकांवर काय चालले आहे ते ज्याने त्याने शोधायचे असते. लहान पडद्यावर ते बाक दिसतच नाहीत.

नवख्याने सुरुवात कुठून करावी? माझे मत असे की, यादीपेक्षा एक माणूस धरावा. अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाचा १९८७ चा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' घरातल्या लहान मुलांसह पाहावा. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, ती नेऊन दिली नाही तर उद्या गुरुजी त्याला शाळेतून काढतील, एवढ्या भीतीने एक आठ वर्षांचा मुलगा या गावाहून त्या गावाला धावत राहतो. बस, एवढीच गोष्ट, आणि तिला उपशीर्षकांची फारशी गरजही पडत नाही. तो आवडला की त्याच दिग्दर्शकाचे पुढचे दोन-तीन चित्रपट क्रमाने घ्यावेत, मग ओझूचा 'टोक्यो स्टोरी', मग दे सिका. कोणताही चित्रपट पहिल्यांदा न थांबवता पाहावा, समीक्षा नंतर वाचावी, आणि खरोखर मनात रुतला तर दुसऱ्यांदा पाहावा. अन् जो चित्रपट आपल्याला जन्मभर लागणार आहे असे वाटते, त्याची चकती मिळत असेल तर विकत घेऊन ठेवावी. वर्गणी हा भाडेपट्टा आहे, खरेदीखत नव्हे.

एकट्यादुकट्याच्या कपाटाने हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. अमेरिकेत सहभागी सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदपत्र असले की कॅनोपी नावाच्या सेवेवर जगातले निवडक चित्रपट विनामूल्य पाहता येतात. तिकडची पुष्कळ मराठी कुटुंबे याच मार्गाने राय आणि कुरोसावा यांच्यापर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात तर १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांना राजमान्यता आणि अनुदान दोन्ही दिले आहे, आणि तालुक्याच्या गावीही शंभरी ओलांडलेली वाचनालये आहेत. या वाचनालयांनी एक कपाट चित्रपटांसाठी राखावे, गावात चित्रपट-मंडळ असेल तर त्याच्याशी हातमिळवणी करावी, हक्कधारकाची रीतसर लेखी परवानगी घेऊन महिन्यातून एक खेळ करावा, आणि खेळानंतर अर्धा तास बोलावे. यास फार खर्च येत नाही; इच्छाशक्ती आणि एखादा हौशी चिटणीस लागतो. जगाचा सिनेमा आपल्या दारापर्यंत आला आहे खरा, पण कोणा परक्या कंपनीच्या मर्जीवर तो तिथे किती काळ थांबेल याची शाश्वती नाही. तो आपल्या गावचा व्हावा असे वाटत असेल, तर त्याची नोंद आपल्याच दप्तरी झाली पाहिजे.